आदी मान्यवर उपस्थित होते

मंडळी, पोस्ट लांब आहे. रविवार आहे, चहा घेऊन निवांत बसा. नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि रात्री वाचा.

गेली वीस-बावीस वर्षं मी या तालुक्यात बातम्या लिहितोय. सगळ्यात जास्त वेळा कुठलं वाक्य लिहिलं असेल, तर ते हेच : "यावेळी अमुक, तमुक, आदी मान्यवर उपस्थित होते." डिप्लोमाला असताना आमचे एक सर सांगायचे की बातमीत एकवेळ आकडा चुकला तर चालेल, पण माणसाचं नाव चुकवू नका, लहान गावातला पेपर नावांवर खपतो. शंभर टक्के खरं. एखाद्याचं नाव राहिलं की सकाळी सातला फोन येतो. "भाऊ, आम्ही काय दिसलो नाही का काल?"

या याद्यांना मी कधी काडीची किंमत दिली नव्हती. जागा भरायला उपयोगी, एवढंच. पण मध्यंतरी एका जुन्या पुस्तकातला एक तक्ता वाचनात आला आणि हसावं की लाजावं कळेना. गावातल्या पेपरात छापून आलेल्या अशाच याद्यांवरून बनवलेला एक लहानसा तक्ता गेली ऐंशी वर्षं जगभरचे अभ्यासक पुन्हा पुन्हा सोडवतायत. त्याचीच ही गोष्ट. शेवटी आपल्या गावाकडे येतोच.

गाव आहे अमेरिकेतलं नॅचेझ. मिसिसिपी नदीच्या काठी, कापसाचा मुलूख. साल १९३३. मंदीने सगळं बसलेलं. हार्वर्ड विद्यापीठातून दोन जोडपी तिथे राहायला आली. ॲलिसन डेव्हिस आणि एलिझाबेथ हे काळं जोडपं, बर्ले गार्डनर आणि मेरी हे गोरं. काम एकच : हे गाव आतून कसं चालतं ते बघायचं. डेव्हिस काळ्या वस्तीत राहणार, गार्डनर गोऱ्यांच्यात. पण त्या काळातल्या दक्षिणेत काळा आणि गोरा माणूस बरोबरीने एका टेबलाशी बसून चर्चा करतायत, हे गावाला दिसलं असतं तर दोघांचीही खैर नव्हती. एकाच अभ्यासाचे सहकारी, आणि भेटायचं चोरून. आपल्याकडे फार समजावून सांगायला नको.

त्यांचं पुस्तक १९४१ साली आलं, 'डीप साउथ' नावाचं. उपशीर्षकात चक्क 'कास्ट' शब्द आहे, म्हणजे जात. गोरे-काळे हा नुसता रंगाचा नाही, जातीचा मामला आहे असं त्यांचं म्हणणं. पुस्तकात गावाचं नाव बदलून 'ओल्ड सिटी' केलंय, माणसांची नावंही बदललीत. हे बदलणं पुढे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा.

तर तक्ता. उभ्या बाजूला १८ बायकांची नावं, आडव्या बाजूला १४ कार्यक्रम, तारखांसकट. जी बाई ज्या कार्यक्रमाला गेली, त्या चौकोनात फुली. एकूण फुल्या ८९. कार्यक्रम कुठले? तक्त्याच्या मथळ्यातच लिहिलंय की हे 'ओल्ड सिटी हेरल्ड'मध्ये छापून आलेले सामाजिक कार्यक्रम. पेपरचं नावही बदललेलंच. म्हणजे तिथेही कुणीतरी माझ्यासारखा, बहुधा पगार थकलेला, वार्ताहर बसून लिहीत होता : काल अमक्या बाईंकडे चहापान झालं, या या उपस्थित होत्या.

आता गंमत बघा. या तक्त्यात मोजण्यासारखं काही नाही. वजन नाही, उंची नाही, उत्पन्न नाही. गेली किंवा नाही गेली, बस्स. अशी माहिती आपल्याला सगळीकडे भेटते. रेशनकार्ड पिवळं, केशरी की पांढरं. पाणी नळाचं, बोअरचं की टँकरचं. रक्तगट कोणता. याचं सरासरी काढता येत नाही. पिवळं अधिक केशरी भागिले दोन म्हणजे काय? माणूस फक्त कुठल्यातरी खान्यात बसतो. मग अशा खान्यांच्या माहितीचं चित्र काढायचं कसं? शाळेत शिकवला तो आलेख इथे चालत नाही, त्याला दोन्ही बाजूंना आकडे लागतात.

डेव्हिस-गार्डनरांनी साधा उपाय केला. ओळी आणि रकाने हाताने पुढेमागे सरकवत नेले. ज्या बायका एकसारख्या ठिकाणी जातात त्या जवळजवळ, ज्या कार्यक्रमांना त्याच त्याच बायका येतात ते जवळजवळ. सरकवता सरकवता फुल्या दोन ढिगांत गोळा झाल्या. एक ढीग वर डावीकडे, एक खाली उजवीकडे.

मी तो तक्ता वहीवर उतरवून घेतला आणि स्वतः मोजला. सवय. पहिल्या पाच कार्यक्रमांपैकी कुठेतरी गेलेल्या बायका ८. शेवटच्या पाचांपैकी कुठेतरी गेलेल्या ८. या दोन्हींत एकही नाव समान नाही. एकही. तेच गाव, तोच समाज, त्याच पेपरचं तेच पान, आणि एकमेकींच्या उंबऱ्यावर पाय नाही. मधले चार कार्यक्रम मात्र असे की तिथे दोन्हीकडच्या येतात. आठव्या नंबरच्या कार्यक्रमाला १४ जणी, नवव्याला १२.

आठ आणि आठ सोळा. उरल्या दोघी. पुस्तकातली त्यांची नावं पर्ल आणि डोरोथी. पर्ल तीन ठिकाणी गेली, तिन्ही मधली. डोरोथी दोनच ठिकाणी, आठवा आणि नववा, म्हणजे जिथे सगळेच जातात तिथेच. या दोघींना कुठल्या गटात टाकायचं? लिंटन फ्रीमन नावाच्या अभ्यासकाने २००३ मध्ये या एका तक्त्यावर केलेले २१ वेगवेगळे उलगडे एकत्र मांडले. बहुतेकांना गट दोनच सापडतात, पण काठावरच्यांबद्दल एकमत होत नाही. साहजिक आहे. आपल्या गावातसुद्धा असे दोन-चार असतात, जे फक्त सगळ्यांच्या कार्यक्रमाला जातात. ते कुणाचे, हे निवडणुकीच्या आदल्या रात्रीपर्यंत कळत नाही.

हाच तक्ता ठिपके आणि रेघांनी काढता येतो. कागदावर १८ ठिपके बायकांचे, १४ चौकोन कार्यक्रमांचे, आणि गेली असेल तिथे रेघ. ८९ रेघा. पण ठिपके वाटेल तिथे टाकले तर नुसता गुंता होतो, मांजराने लोकर विस्कटावी तसा. प्रश्न सगळा एवढाच की कुठला ठिपका कुठे ठेवायचा.

ठिपके-रेघांनी माणसांचे नकाशे काढण्याची लोकांना ओळख करून दिली ती जेकब मोरेनो या डॉक्टरने. मूळचा बुखारेस्टचा, व्हिएन्नात शिकलेला, पुढे न्यूयॉर्कला गेलेला. न्यूयॉर्क राज्यात हडसन इथे मुलींसाठी सुधारगृहासारखी एक शाळा होती. १९३२ च्या हिवाळ्याआधी दोन आठवड्यांत तिथून १४ मुली पळून गेल्या. सगळ्यांना वाटलं मुलीच वाईट. मोरेनोने मुलींना विचारलं, तुला कुणाबरोबर राहायला आवडेल, कुणाबरोबर नाही. प्रत्येक मुलगी एक ठिपका, आवड-नावड रेघांनी. त्याचं म्हणणं असं निघालं की पळणं हे एकेकीच्या स्वभावातून आलेलं नाही, ते या रेघांवरून एकीकडून दुसरीकडे गेलंय. एप्रिल १९३३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने याची बातमी केली, भावनांचा नवा भूगोल अशा अर्थाच्या मथळ्याची. ते चित्र पेपरात पोहोचलं आणि नॅचेझमधला अभ्यास सुरू झाला, दोन्ही एकाच वर्षीचं.

पण मोरेनो ठिपके हाताने, अंदाजाने ठेवायचा. ठिपका कुठे ठेवायचा याचा नियम दिला तो एका गणितज्ञाने. विल्यम टट. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कला असताना या माणसाने जर्मन सैन्याच्या लोरेन्झ यंत्राची आतली रचना ते यंत्र कधीही न बघता, नुसत्या संदेशांवरून शोधून काढली होती. १९६३ मध्ये त्याने एक निबंध लिहिला, नावच 'ग्राफ कसा काढावा'. युक्ती ऐकायला अगदी सोपी आहे : प्रत्येक ठिपका त्याच्या शेजाऱ्यांच्या मधोमध ठेवा.

आता नॅचेझच्या बायकांना लावून बघू. प्रत्येक बाईला ती गेली त्या कार्यक्रमांच्या मधोमध उभं करा. मग प्रत्येक कार्यक्रम त्याला आलेल्या बायकांच्या मधोमध सरकवा. पुन्हा बायका, पुन्हा कार्यक्रम. काय होईल? सगळे एकमेकांकडे सरकत सरकत शेवटी एकाच बिंदूवर येऊन बसतील. सगळं गाव एक! भाषणात हे चांगलं वाटतं, चित्र म्हणून बिनकामाचं. टटने यावर उपाय केला : बाहेरचे काही ठिपके खिळ्याने ठोकायचे, हलायचं नाही, मग आतले आपोआप आपापली जागा घेतात. मांडवाच्या कडेचे खांब पक्के असले की मधलं कापड ताणून बसतं, तसं.

पुढे १९८४ मध्ये पीटर ईड्सने खिळ्यांऐवजी स्प्रिंगची कल्पना लढवली. ठिपके म्हणजे लोखंडी कड्या, रेघा म्हणजे स्प्रिंगा. जोडलेले एकमेकांना ओढतात, न जोडलेले लांब ढकलतात, सगळं थरथरून जिथे शांत होईल ते चित्र. आज कॉम्प्युटरवर असली जाळी तयार होतात त्यातल्या बऱ्याचशांच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

दरम्यान संख्याशास्त्रवाले दुसऱ्या रस्त्याने त्याच वळणावर आले होते. फ्रान्समध्ये रेन इथे झाँ-पॉल बेंझेक्री १९६० च्या दशकात तक्त्यांतल्या ओळी आणि रकाने एकाच कागदावर ठिपके म्हणून मांडायला लागला. त्याच पद्धतीने पुढे पिएर बुर्दिय या समाजशास्त्रज्ञाने फ्रेंच माणसं काय ऐकतात, काय खातात, भिंतीवर काय टांगतात यावरून वर्गांचा नकाशा काढला. आणि हॉलंडमध्ये लायडन विद्यापीठातल्या एका मंडळाने खान्यांच्या माहितीसाठी अख्खी पद्धतच उभी केली. त्यांचा नियम टटसारखाच : माणूस आणि त्याचा खाना यांच्यातली रेघ जितकी आखूड होईल तितकी करा. फक्त खिळे ठोकायच्या ऐवजी अट घातली की एकूण ठिपक्यांचा पसारा ठरलेल्या मापाचा राहिला पाहिजे, आकसून चालणार नाही. या मंडळातला यान द लेउ आणि त्याचा सहकारी जॉर्ज मिखाइलिडिस यांनी साधारण २००० च्या सुमारास हे उघडच मांडलं, की अहो, आपण इतकी वर्षं आकडेमोड म्हणून जे करतोय ते खरं तर ठिपके-रेघांचं चित्र चांगलं काढणंच आहे.

त्या लायडनच्या मंडळाने आपलं पुस्तक एका टोपणनावाने छापलं. अल्बर्ट गिफी. हा गिफी कोण? फ्रान्सिस गॉल्टनचा नोकर. गॉल्टन म्हणजे संख्याशास्त्रातलं मोठं नाव, आणि माणसांची 'सुधारित पैदास' करायची ती भयंकर कल्पनाही त्याचीच. आयुष्यभर हजारो माणसांची मापं घेतली त्याने. गिफीने त्याची कित्येक वर्षं चाकरी केली, आणि इतिहासात त्याचा पत्ता लागतो तो मालकाच्या मृत्युपत्रातून. डच लोकांनी त्याचं नाव थेट पुस्तकाच्या पाठीवर चढवलं. विनोद म्हणूनच केलं असेल, पण मला आवडलं.

गिफीवरून पुन्हा नॅचेझला येतो. त्या तक्त्यातल्या अठराच्या अठरा बायका गोऱ्या आहेत. गावातली साधारण निम्मी वस्ती काळ्या लोकांची होती. त्या काळच्या दक्षिणेत गोऱ्यांच्या घरचा स्वयंपाक, धुणीभांडी, पोरं सांभाळणं बहुतेक काळ्या बायकाच करत. म्हणजे त्या १४ पैकी बऱ्याच ठिकाणी चहाचा ट्रे घेऊन कुणीतरी फिरत असणार, कदाचित एकच बाई दोन्हीकडच्या घरी. पर्ल नि डोरोथीपेक्षा तिला दोन्ही गट जास्त ठाऊक. पण पेपर तिला 'उपस्थित' म्हणणार नाही. तिला ओळ नाही, म्हणून फुली नाही, म्हणून ठिपका नाही. यात डेव्हिस-गार्डनरांना दोष देत नाही; पुस्तकात इतरत्र काळ्या समाजाबद्दल त्यांनी भरपूर आणि बारकाईने लिहिलंय. मी बोलतोय त्या वार्ताहराबद्दल. पहिली चाळण त्याची होती. नंतरच्या विद्वानांनी त्याने दिलं तेवढंच चाळलं.

आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नावं किती? ॲलिसन डेव्हिस, बर्ले गार्डनर, मेरी गार्डनर. तीन. एलिझाबेथ डेव्हिसचं नाव लेखकांत नाही. गावात राहिली ती, काम केलं तिने.

आता म्हणाल, भाऊ, अमेरिकेचं पुराण कशाला? सांगतो.

खाने करून माणसं बसवायचा उद्योग आपल्याकडे सरकारने फार मोठ्या प्रमाणावर केलाय. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले. त्याच्या आधीही जाती मोजल्या जात होत्या. रिस्लेने काय केलं, तर नुसत्या मोजल्या नाहीत, स्थानिक लोकमताप्रमाणे वरपासून खालपर्यंत उतरंडीत लावायला सांगितल्या. खाना म्हणजे नुसता खाना असतो हो. एक रक्तगट दुसऱ्याच्या वर नसतो न् खालीही नसतो. रिस्लेने खान्यांची शिडी केली आणि ती सरकारी कागदावर छापली. लगेच अर्जांचा पाऊस. आम्ही वरचे, आम्हाला खाली कसं टाकलं, आमचं नाव अमुक नाही तमुक लिहा. १९११ च्या वेळी एकट्या बंगालमध्ये असल्या अर्जांचं वजन दीड मण भरलं होतं, असं तिथल्या जनगणना अधिकाऱ्याने नोंदवून ठेवलंय. समाजात उतरंड होतीच, इंग्रजांनी आकाशातून आणली असं मी म्हणत नाही. पण जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी असलेली, वाद असलेली गोष्ट एकदा सरळ रेषेत मांडली की लोक त्या रेषेवर जागा पकडायला धावतात.

सगळ्या जातींची मोजणी शेवटची झाली आणि आकडे बाहेर आले ते १९३१ साली. आता केंद्राने ३० एप्रिल २०२५ ला जाहीर केल्याप्रमाणे येत्या जनगणनेत जात पुन्हा मोजली जाणार आहे. देशाच्या बहुतेक भागासाठी गणनेची तारीख १ मार्च २०२७ धरलीय. मोजावी, असंच माझं मत आहे. ज्याची मोजदाद नाही त्याचा वाटा मागता येत नाही. पण आकडे आले की मोबाईलवर रंगीत चित्रांचा पूर येणार. माझं म्हणणं एवढंच की चित्र कसं बनतं ते आधी माहीत असलेलं बरं. कुणी शिडी काढून दाखवली तर विचारा, ही उंची कुठून आली? आणि कुणी जाळं दाखवलं तर कडेच्या ठिपक्यांकडे नीट बघा.

कडेचे ठिपके म्हणजे काय, ते मी स्वतः चूक करून शिकलो. तो किस्सा.

नॅचेझचा तक्ता वाचल्यावर खाज सुटली. माझ्या एका वर्षाच्या बातम्यांची फाईल काढली. ४१ कार्यक्रम, ज्यांची नावं दोनदा तरी आली असे ६३ जण. मुलीने कॉम्प्युटरवर ते जाळं काढून दिलं, तिच्या कॉलेजात शिकवतात म्हणे. दोन मोहोळं स्पष्ट दिसली. कुठली ते तुम्हालाही माहिती आहे, लिहीत नाही. मधोमध तीनच कार्यक्रम : गणपतीआधीची शांतता कमिटीची बैठक, पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन आणि यात्रेच्या नियोजनाची बैठक. आमचे एक निवृत्त गुरुजी बरोब्बर मध्यभागी. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "अरे, मला रिटायर झाल्यापासून घरी बसवत नाही, एवढंच आहे ते."

आणि एक ठिपका लांब, पार कागदाच्या काठावर. स्टेशनजवळच्या वस्तीतले एक कार्यकर्ते. मी लगेच निष्कर्ष काढला : माणूस एकटा पडलाय, कुणी विचारत नाही. तसं एका मित्राला बोललोही. नंतर फाईल पुन्हा चाळली तेव्हा कळलं. त्या वस्तीतल्या कार्यक्रमांना वर्षात मी दोनदाच गेलो होतो. तिथे महिन्याला काहीतरी असतं, निमंत्रणही येतं, पण संध्याकाळची वेळ, पेट्रोल, आणि खरं सांगायचं तर तिथून जाहिरात मिळत नाही. गणिताचा नियमच आहे की ज्याच्या फुल्या थोड्या आणि वेगळ्या, तो चित्रात काठाला फेकला जातो. नॅचेझच्या चित्रातही ऑलिव्हिया आणि फ्लोरा या दोघी अशाच लांब जाऊन पडतात. दोघींच्या दोनदोनच फुल्या, त्यातला एक कार्यक्रम फक्त चौघींचा. मी त्या कार्यकर्त्यांची माफी मागितली. ते हसले. "तुम्ही आलाच नाही, तर आम्ही दिसणार कसे?" म्हणाले.

दुसरी गोष्ट जास्त बोचली. ६३ नावांत बायका किती? चार. त्यातल्या दोन नगरसेविका, आणि त्यांच्याही बातमीत नवऱ्याचं नाव आधी. २०११ पासून आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. म्हणजे सभागृहात निम्म्या आणि माझ्या फाईलीत चार. बाकीच्या कुठे गेल्या? माझ्याच वाक्यात आहेत : "महिला मोठ्या संख्येने उपस्थित होत्या." नॅचेझच्या त्या वार्ताहराने निदान गोऱ्या बायकांची नावं तरी लिहिली. मी आपल्या बायकांची 'मोठी संख्या' केली. बचत गटाचे मेळावे, हळदीकुंकू, हंडामोर्चा, सगळीकडे मोठी संख्या. यांच्यापैकी कोण कुणाकडे जातं, कुठली बाई दोन गल्ल्यांना जोडते, हे माझ्या बावीस वर्षांच्या लिखाणातून कुणालाही कधीच काढता येणार नाही. ते बुडालं.

तिसरी गोष्ट. चहाच्या टपरीवर दोघातिघांना ते चित्र दाखवलं, ही माझी चूक. नगरपालिकेच्या निवडणुकीचं वारं होतं. दोन दिवसांनी एकजण घरी हजर. "भाऊ, तो नकाशा तेवढा द्या की. कोण कुणाच्या चहाला जातंय ते बघायचंय. विशेष करून ते मधले." मी नाही म्हणालो. तर म्हणाला, "तुमच्याच छापलेल्या बातम्यांतून केलाय ना? पेपरात आलेलंच आहे की सगळं. लपवायचं काय त्यात?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. बोलणं चूक नव्हतं त्याचं. प्रत्येक नाव छापून आलेलं, प्रत्येक कार्यक्रम जाहीर. पण ४१ बातम्या वेगवेगळ्या वाचणं आणि त्यांचं एक जाळं भिंतीवर लावणं यात फरक आहे. जाळ्यात तो मधला माणूस बोटाने दाखवता येतो. उद्या त्याच्या पोराच्या नोकरीपर्यंत, टपरीच्या परवान्यापर्यंत ते बोट जातं. डेव्हिस-गार्डनरांनी गावापासून पेपरापर्यंत सगळी नावं का बदलली, ते मला त्या दिवशी दारात उभं असताना कळलं. फाईल मुलीच्या लॅपटॉपवरून काढून टाकायला लावली. प्रिंट माझ्याकडे एक आहे, नावं खोडलेली. कुणाला नुसतं जाळं बघायचं असेल तर दाखवीन. कोण कुठे ते विचारायचं नाही.

गेल्या दोन महिन्यांपासून बातमी लिहिताना एक बदल केलाय, तुमच्यातल्या काहींच्या लक्षात आला असेल. मेळाव्यात बायका असतील तर निदान सात-आठ जणींना नाव विचारून घेतो. वेळ लागतो. काहीजणी म्हणतात नको, त्यांचं लिहीत नाही. एकीने मिस्टरांचं नाव सांगितलं; म्हटलं वहिनी, तुमचं सांगा, तर शेजारणीकडे बघून हसल्या आणि मग सांगितलं. मंडपवाल्याचं, स्पीकरवाल्याचंही टाकतो. डेस्कवर काहीवेळा कापलं जातं, त्याला इलाज नाही.

तर विनंती अशी. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुने ग्रुप फोटो असतील, १९८०-९० च्या काळातले, महिला मंडळाचे, भजनी मंडळाचे, गिरणीतल्या किंवा विडी कामगार बायकांचे, तर मला कळवा. मी येऊन मोबाईलवर फोटो काढून घेईन, मूळ फोटो नेणार नाही. आणि घरात ज्या म्हाताऱ्या आई-आज्ज्या असतील त्यांना आजच जवळ बसवून विचारा, या फोटोत डावीकडून कोण कोण आहे. फोटोच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा. पेनने नको, शाई पुढच्या बाजूला उमटते.